शुक्रवारचं दीड मिली

"हे किती मिली आहे?" नवीन मशीन बसवायला आलेल्या इंजिनियरने विचारलं, आणि काका म्हणाले, "दोन."

इंजिनियरची नजर पडद्यावर होती. केसाएवढी बारीक सुई त्याने डिशमधल्या गुलाबी पाण्यात वरून सोडली होती आणि एक छोटी मोटर तिला कणाकणाने खाली नेत होती. सुई जसजशी खाली जाई तसतसे पडद्यावर आकडे उमटत. पाण्याच्या वरच्या थरात ऑक्सिजन अठरा टक्के. थोडं खाली चौदा. मग नऊ, मग पाच, मग दोन. आणि तळाशी, जिथे पेशी चिकटून बसलेल्या असतात तिथे, शून्य पूर्णांक चार. इंजिनियरने सुई वर घेतली आणि पुन्हा सोडली. पुन्हा शून्य पूर्णांक चार. "दोन मिलीला एवढं खाली जायला नको. सुईतच काहीतरी गडबड आहे, बदलून बघतो," असं म्हणून तो जमिनीवर बॅग उघडून बसला. काका तसेच उभे राहिले, हातमोजे घातलेले दोन्ही हात छातीशी धरून, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आपण आत्ता खोटं बोललो. डिशमध्ये दोन मिली नव्हतं, साडेतीन होतं. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनीच ते घातलं होतं. गेल्या पाच वर्षांतल्या प्रत्येक शुक्रवारी ते साडेतीनच घालत आले होते, आणि वहीत प्रत्येक शुक्रवारपुढे त्यांच्याच सुबक अक्षरात लिहिलेलं होतं, दोन.

काका म्हणजे नक्की कोणाचे काका, असं त्या लॅबमध्ये कोणी विचारत नसे. लॅबच्या प्रमुख बाई त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठ्या, त्यासुद्धा काकाच म्हणत. त्रेपन्न वर्षांचा, बुटका, टापटीप माणूस. डॉक्टर नाही, प्राध्यापक नाही; काचेपलीकडच्या एका खोलीत पेशी वाढवणारा तंत्रज्ञ. त्या खोलीला सगळे पाळणाघर म्हणत. आत सदतीस अंशांवर ठेवलेली तीन उबदार कपाटं होती, आणि कपाटांत प्लॅस्टिकच्या चपट्या डिशमध्ये, मीडियम नावाच्या गुलाबी पाण्याखाली, इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी राहत होत्या. या पेशींचे लाड फार. साखर दिसली की इन्सुलिन सोडायचं, हे एकच काम त्यांना येतं, पण तेवढ्यासाठी त्यांना पोटभर खाणं लागतं, ऊब लागते आणि इतर पेशींपेक्षा कितीतरी जास्त हवा लागते. मीडियम शिळं झालं की गुलाबीचं पिवळं होतं, म्हणजे समजायचं की त्या भुकेल्या आहेत. काकांना तो पिवळा रंग बघवत नसे. दर दोन दिवसांनी ते जुनं मीडियम काढून ताजं दोन मिली घालत आणि घालताना ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत. नवीन आलेल्या संशोधकांना वाटे, काका मंत्र म्हणतायत. ते फक्त "घ्या, घ्या" म्हणत असत. काकांच्या हाताला गुण आहे, असं लॅबमध्ये सर्रास बोललं जाई, आणि सव्वीस वर्षं ते ऐकून काकांना अजूनही दरवेळी बरं वाटे. सुखी जीव होता. स्वतःच्या सुखाबद्दल त्यांनी कधी लाजही बाळगली नाही.

दोन दिवसांचा हा क्रम शनिवार-रविवारी मोडतो. लॅब बंद. शुक्रवारी घातलेलं दोन मिली सोमवारपर्यंत पुरत नाही, पिवळं पडतं. म्हणून लग्नाआधी काका दर रविवारी सकाळी सव्वानऊच्या बसने लॅबमध्ये यायचे, मीडियम बदलायचे, अर्धा तास कपाटासमोर स्टुलावर बसायचे आणि घरी जायचे. हे कोणी त्यांना सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. एकट्या माणसाला रविवार घालवायचाच असतो, त्यात कसला आलाय मोठेपणा. मग एका रविवारी सव्वानऊची बस आलीच नाही. पुढच्याही रविवारी नाही. काका तणतणत डेपोमध्ये गेले, तर वेळापत्रक आखणारी बाई टेबलामागून म्हणाली, "त्या गाडीत एकच माणूस असतो. मी दोन महिन्यांच्या नोंदी बघितल्यात. रोज नाही, फक्त रविवारी, एकच माणूस. ते तुम्हीच का?" काका म्हणाले, "मीच." तिने विचारलं, "रविवारी कुठे जाता एवढं?" आणि आयुष्यात पहिल्यांदा काकांनी कोणाला तरी सांगितलं की मी खाऊ घालायला जातो. तिने ती गाडी पुन्हा सुरू केली आणि आणखी अकरा आठवडे चालू ठेवली. कशी ठेवली ते तिचं तिला ठाऊक. बाराव्या आठवड्यात अठ्ठेचाळीस वर्षांच्या काकांचं चव्वेचाळीस वर्षांच्या त्या बाईशी लग्न झालं, आणि मग गाडी बंद झाली.

लग्नानंतरचा पहिला रविवार त्यांना अजून अंगावर आठवतो. पडद्यातून येणारं ऊन पायांवर पडलं होतं, शेजारी ती पालथी झोपली होती, आणि उठायला हवं असं मनात येऊनही ते उठले नव्हते. उठावंसंच वाटलं नव्हतं, साडेदहापर्यंत. नंतर मात्र दिवसभर जिवाला चैन नव्हतं, पिवळा रंग डोळ्यांपुढून हलेना. त्यावर पुढच्या शुक्रवारी त्यांनी तोडगा काढला. दोनऐवजी साडेतीन मिली घालून ठेवायचं. दीड मिली शिदोरी. सोमवारी येऊन बघतात तो डिश गुलाबीच्या गुलाबी. काकांच्या जिवात जीव आला. न सांगता केलेल्या एका चांगल्या गोष्टीची जागा न सांगता केलेल्या दुसऱ्या चांगल्या गोष्टीने घेतली, यात कोणाला काय सांगायचं होतं? वहीत मात्र "दोन" लिहायचं, कारण वहीत दोनच लिहायचं असतं. लॅबची पद्धत दोन मिलीची होती. दीड मिली पद्धतीत बसत नव्हतं, ते त्यांचं घरचं होतं.

इंजिनियरने सुई बदलली, तरी तळाशी तेच शून्य पूर्णांक चार. मग शेजारच्या कपाटातली दुसरी डिश मागितली. ती काकांनी सकाळीच ताजी करून ठेवली होती, खरोखरच्या दोन मिलीने. सुई उतरली. अठरा, पंधरा, अकरा, आठ, तळाशी सहा. "ही बरोबर," इंजिनियर खूश होऊन म्हणाला. "म्हणजे सुई ठीकच होती. त्या पहिल्या डिशमध्ये पाणी जास्त असणार. काय होतं काका, ऑक्सिजन पाण्यात फार सावकाश उतरतो. थर दुप्पट केलात की खालच्यांच्या वाट्याला काही उरतच नाही. वरची हवा वरच राहते." त्याने सहीसाठी कागद पुढे केला. काकांनी सही केली. सही चांगली आली, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

आणि मग दिवसभर काकांच्या डोक्यात ते एकेक करून जागेवर बसत गेलं. बसू नये म्हणून त्यांनी खूप धडपड केली. पिपेटांचे डबे पुसले, कपाटाच्या तळातलं पाणी बदललं, आधीच लावलेल्या बाटल्या पुन्हा तारखेने लावल्या. पण बाईंचा एक आलेख समोर काचेवर चिकटवलेला होता, तो येता-जाता दिसत होता, आणि त्या आलेखाचं नाव लॅबमध्ये होतं सोमवारचा थकवा. सोमवारी पेशींना साखर दाखवली की त्या बुधवारच्या निम्मंच इन्सुलिन सोडत. पाच वर्षांपूर्वी हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा बाई हसून म्हणाल्या होत्या, "काका, तुमचं लग्न झाल्यापासून पेशीही सोमवारी आळशी झाल्यात हं." त्या वेळी सगळे हसले होते, काका सर्वांत जास्त. पण बाई नुसत्या हसून सोडून देणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा निम्मं. मग त्यावर त्यांनी विचार केला, वर्षभर केला, आणि त्यातून त्यांचा सिद्धांत उभा राहिला: या पेशी तीन दिवस न थांबता काम करून थकतात, आणि हा थकवा समजला तर माणसाच्या शरीरातल्या अशाच पेशी का थकतात हेही समजेल. दुसऱ्या शहरातले एक म्हातारे प्राध्यापक, या विषयातलं मोठं नाव, ते या सिद्धांतावर इतके खूश झाले की स्वतःचं दोन वर्षांचं काम त्यांनी त्यावर रचलं. आता दोघांचा मिळून मोठा पेपर येत्या गुरुवारी छापायला जायचा होता. आणि पेशी थकलेल्या नव्हत्या. पेशींचा श्वास कोंडला होता. शुक्रवारी संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत, काका अंथरुणात ऊन खात लोळत असताना, त्या खोल पाण्याच्या तळाशी तशाच पडून होत्या. भोवती पोटभर खाणं होतं आणि श्वास घ्यायला हवा नव्हती.

दुपारी दोनदा ते बाईंच्या दारापर्यंत गेले. पहिल्यांदा बाई फोनवर होत्या. दुसऱ्यांदा नव्हत्या, मान वर करून त्यांनी "काय काका?" म्हणून विचारलंही, आणि काका म्हणाले, "मशीन बसलं." बाई म्हणाल्या, "छान." परत येताना जिन्यात त्यांच्या लक्षात आलं की आपण मघापासून अर्धवटच श्वास घेतोय, छातीच्या वरच्या भागातच हवा येते आणि तिथूनच परत जाते. ते पायरीवर थांबले आणि त्यांनी मुद्दाम पोटापर्यंत श्वास घेतला. फिनेलचा वास आला. पेशींना असं थांबून श्वास घेता येत नाही, हा विचार मनात आला आणि त्यांना स्वतःचाच राग आला. पेशींना काही वाटत नसतं. सव्वीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसाने असलं रडगाणं गाऊ नये. पेशींना काही वाटत नव्हतं, पण बाईंना वाटणार होतं. खरा प्रश्न तोच होता. गुरुवारी पेपर गेला तर बाई जगापुढे एक चुकीची गोष्ट स्वतःच्या नावाने सांगणार होत्या. आणि पेपर जाऊ द्यायचा नसेल तर काकांना सांगावं लागणार होतं की बाई, वही खोटी आहे.

घरी आले तेव्हा ती उद्याच्या वेळापत्रकाचे कागद जेवणाच्या टेबलावर पसरून बसली होती. लग्नानंतर सहा महिने ती त्यांना "तुम्ही" म्हणायची, मग एके दिवशी भाजी चिरताना "तू जरा सरक" म्हणाली आणि तेव्हापासून तूच झाली. "चेहरा का असा?" तिने विचारलं. काकांनी चपला काढायच्या आधीच सगळं सांगितलं, दारात उभ्यानेच. ऐकता ऐकता तिने पेन्सिल खाली ठेवली.

"म्हणजे माझ्यामुळे," ती म्हणाली.

"तुझ्यामुळे कसं?"

"गाडी मीच बंद केली ना."

"गाडी असती तरी मी उठलो नसतो," काका म्हणाले, आणि दोघांनाही हसू आलं, आणि मग काकांचं हसू मध्येच थांबलं. तिने ते पाहिलं.

"कधी सांगणार आहेस?"

"गुरुवारच्या आत."

"गुरुवारच्या आत म्हणजे बुधवारी रात्री ना? तुला मी ओळखत नाही का. उद्या सकाळी सांग. त्यांनाही पेपर थांबवायला वेळ लागेल, रागवायला वेळ लागेल. सगळ्याला वेळ धरावा लागतो."

"फार रागावतील."

"रागावू देत की. पाच वर्षं सोमवारचं कोडं घेऊन बसल्यात बिचाऱ्या."

जेवण झाल्यावर काका गॅलरीत उभे राहिले. खाली पोरं सायकली फिरवत होती. त्यांना आपला थोरला भाऊ आठवला. तो असता तर या गोष्टीचा लगेच बोध काढून मोकळा झाला असता: बघ, फार लाड केले की असं होतं, माया आवरती घ्यावी माणसाने. भाऊ प्रत्येक गोष्टीचा बोध काढायचा, बस चुकली तरी काढायचा. काकांना मात्र तो बोध पटेना. त्यांना स्वतःला या पाच वर्षांत भरपूर माया मिळाली होती आणि एकदाही गुदमरायला झालं नव्हतं. उलट अठ्ठेचाळीस वर्षांनी पहिल्यांदा मोकळं वाटलं होतं. पेशींना माया जास्त झाली नव्हती, पाणी जास्त झालं होतं. आणि चूक पाण्याचीसुद्धा नव्हती. चूक त्या "दोन"ची होती, जे त्यांनी दर शुक्रवारी कसलीही शंका न घेता वहीत लिहिलं. घरचं आहे, त्यात काय सांगायचं, असं म्हणून. त्यांना आता आठवायला लागलं की त्या आधीचे रविवारही त्यांनी वहीत कधी लिहिले नव्हते. चांगुलपणा लपवायची त्यांना जुनीच खोड होती. लपवलेला चांगुलपणा कोणाला तपासता येत नाही.

मंगळवारी सकाळी त्यांनी पिशवीही खाली ठेवली नाही, सरळ बाईंच्या खोलीत गेले.

"बाई, शुक्रवारी मी दोन मिली घालत नाही."

बाईंच्या हातात पेपरचीच प्रत होती. "मग?"

"साडेतीन."

"या शुक्रवारी?"

"सगळ्या."

"सगळ्या म्हणजे?"

"लग्न झाल्यापासूनच्या."

 बाईंनी नव्या मशीनच्या अहवालाचे कागद ओढले, इंजिनियरने नोंदलेली पहिली ओळ शोधली, दोन मिली, तळाशी शून्य पूर्णांक चार, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. समजावून सांगायची गरज पडली नाही. काका समजावून सांगायची तयारी करून आले होते, तो शब्द न शब्द वाया गेला.

"त्याला तुम्ही दोन सांगितलंत?"

"हो."

"का?"

"तोंडातून गेलं."

"मी वहीवरून लिहिते, काका," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण कागदाची कड त्यांच्या बोटांत चुरगळत होती. "त्या खोलीत मला दुसरे डोळे नाहीत. तुम्ही लिहाल ते मी बघते."

"चांगल्यासाठीच केलं होतं बाई."

"ते माहीत आहे मला! त्याचाच तर संताप होतोय. कोणी वाईटपणाने केलं असतं तर मी कधीच हुडकून काढलं असतं." त्या उठून खिडकीशी गेल्या. "जा तुम्ही आता. मला जरा एकटीला राहू द्या."

काका गेले. पाळणाघराच्या स्टुलावर बसून त्यांनी हात पाहिले. गुण असलेले हात.  बाईंनी त्या दिवशी त्यांच्याशी एक शब्द काढला नाही. काचेवरचा आलेख तेवढा दुपारी कधीतरी निघाला होता. चिकटपट्टीचे चार तुकडे काचेवर राहिले होते.

बुधवारी सकाळी काका आले तर त्यांच्या टेबलावर एक नवीन डिश ठेवलेली होती, नेहमीच्या डिशपेक्षा जवळजवळ दुप्पट पसरट. शेजारी बाई उभ्या. अंगात पांढरा कोट. कोट घालून बाई पाळणाघरात आल्याला पंधरा वर्षं तरी झाली असतील. घडीच्या रेषा तशाच होत्या.

"तेवढ्याच पेशी," बाई म्हणाल्या, "तेवढंच साडेतीन मिली. तेवढेच तीन दिवस. फक्त डिश मोठी. म्हणजे खाणं तुमचं, आणि पाण्याचा थर वहीतला. थकवा असला तर यातही दिसेल. आणि नसला तर..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग कुठे गेला नव्हता, पण रागाच्या मागून दुसरंच काहीतरी डोकावत होतं. काकांनी ते ओळखलं. सव्वीस वर्षांपूर्वी, बाई नव्याने आल्या तेव्हा, अवघड काहीतरी सापडलं की त्या अशाच दिसायच्या; जेवायला विसरायच्या. काकांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी पटकन पाठ फिरवून हातमोजे शोधायला घेतले.

तीन डिश नेहमीच्या, तीन पसरट. पेशी त्याच दिवशी लावल्या. गुरुवार आला आणि गेला, पेपर गेला नाही. शुक्रवारी संध्याकाळी काकांनी साही डिशमध्ये साडेतीन मिली घातलं. बाई मागे उभ्या होत्या. घालून झाल्यावर काकांनी सवयीने पेन उचललं, तर बाईंनी हात पुढे केला, पेन घेतलं आणि आकडा स्वतः लिहिला. त्यांचं अक्षर गिचमिड. काकांच्या सव्वीस वर्षांच्या सुबक ओळींखाली ती एक गिचमिड ओळ दिसत राहिली.  बोलायचा हक्क या आठवड्यापुरता तरी आपल्याला नाही, असं त्यांनीच ठरवलं होतं. 

रविवारी ऊन पडद्यातून आलं. काका साडेसहालाच जागे झाले होते आणि हलत नव्हते, तिची झोप मोडेल म्हणून. तिचा श्वास शांत चालला होता. त्यांच्या डोळ्यांपुढे सहा डिश होत्या, एकावर एक. आज तिथे जाता येईल, असं मनात येऊन गेलं; बस नसली तरी पायी जाता येईल, एक तासाचा रस्ता. पण गेलं तर पुन्हा आपलं काहीतरी न सांगितलेलं त्यात मिसळणार. जायचं नाही, हेच आज काम होतं. इतकं अवघड काम त्यांनी त्या लॅबसाठी कधी केलं नव्हतं. नऊ वाजता ती जागी झाली आणि न बघताच म्हणाली, "तू विचार करतोयस. ऐकू येतंय मला." काका म्हणाले, "पसरट डिशमध्येही निम्मंच आलं तर?" ती म्हणाली, "तर बाई बरोबर, आणि तू उगाच घाबरलास." "आणि पूर्ण आलं तर?"  "तर तुझ्या पेशी ठणठणीत आहेत," ती म्हणाली. हे काकांच्या डोक्यात आठवडाभरात आलंच नव्हतं. वहीपायी, पेपरापायी, बाईंच्या चेहऱ्यापायी ते तेवढंच विसरले होते. ते पुन्हा आडवे झाले, आणि त्यांना चक्क झोप लागली.

सोमवारी जुनं मीडियम काढलं, साखरेचं पाणी घातलं, तास भरला, नमुने मोजणीच्या यंत्रात गेले. बाई आणि काका यंत्रासमोर दोन खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसले होते, आणि दोघेही एकमेकांकडे बघत नव्हते. नेहमीच्या डिश: एकतीस, एकोणतीस, बत्तीस. नेहमीसारखंच, निम्मं. मग यंत्र जरा थांबलं. पसरट डिश: चौसष्ट. सहासष्ट. त्रेसष्ट.

बाईंनी कागद हातात घेतला. 

"थकल्याच नव्हत्या हो," त्या म्हणाल्या.

"नाही."

"तीन दिवसांनीसुद्धा बघा ना. सहासष्ट." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाच वर्षांचा सिद्धांत गेल्याचं होतं की या आकड्याच्या आनंदाचं, ते काकांना कळलं नाही, आणि बाईंनाही कळलं असेल असं त्यांना वाटलं नाही. चष्मा पुसून बाई म्हणाल्या, "चला. आता फोन."

खोलीत जाऊन त्यांनी प्राध्यापकांना फोन लावला. काका दारातच थांबले. जायला सांगितलं नव्हतं आणि बसायलाही सांगितलं नव्हतं. "सर, आपला पेपर जाऊ शकत नाही," बाई म्हणाल्या. "सोमवारचा थकवा खरा नाही. ऑक्सिजन पोचत नव्हता. मीडियमचा थर जास्त होता. हो, पाचही वर्षं. हो, तुमच्या कामातही तोच आकडा गेलाय, मला कल्पना आहे." मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "कोणाची म्हणजे," त्या म्हणाल्या, "माझीच चूक सर. लॅब माझी आहे. मी पाहायला हवं होतं."

काकांचे पाय आपोआप पुढे झाले. टेबलापाशी येऊन त्यांनी हात पुढे केला. बाईंनी मान हलवून नको म्हटलं. काकांनी हात मागे घेतला नाही. तो तसाच राहिला, आणि शेवटी बाईंनी फोन त्यात दिला.

"नमस्कार सर," काका म्हणाले. "मी इथे पेशी सांभाळतो. बाईंची चूक नाही, वहीत आकडा मी चुकीचा लिहायचो. त्याचं असं झालं, की आधी मी दर रविवारी येऊन मीडियम बदलायचो. कोणाला माहीत नव्हतं ते. मग पाच वर्षांपूर्वी माझं लग्न झालं. रविवारी सकाळी निघवेना. म्हणून शुक्रवारीच दीड मिली जास्त घालून ठेवायला लागलो, त्यांना भूक लागू नये म्हणून. आणि लिहिलं मात्र दोनच." ते थांबले. आपला श्वास त्यांना फोनमध्ये ऐकू येत होता. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या.

 म्हाताऱ्या माणसाची दोन वर्षं यात वाया गेली होती, हे काकांना ठाऊक होतं, आणि जे काही येईल ते ऐकून घ्यायचं असं ठरवून त्यांनी डोळे मिटले. मग प्राध्यापकांनी घसा खाकरला.

"लग्नाचं उशिरा कळवलंत," ते म्हणाले. "पण अभिनंदन."

काकांचे डोळे भरून आले. "आभारी आहे सर," ते म्हणाले, आणि खुर्चीवर बसून, टेबलावरची वही पुढे ओढून, पहिल्या शुक्रवारपासून चुकीच्या नोंदीची एकेक तारीख सांगायला लागले.